पहिली कर्नाटक कच्चेरी: ख्यालावर तयार झालेल्या कानांसाठी मार्गदर्शक

ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेला मराठी श्रोता कर्नाटक गायनाच्या कच्चेरीला, म्हणजे तिथल्या मैफलीला, पहिल्यांदा बसतो, तेव्हा त्याला दोन गोष्टी बुचकळ्यात टाकतात. अडीच तासांत आठ-दहा रचना होऊन जातात, एका रागात तासभर मुरणं क्वचितच घडतं. शिवाय गायक आणि निम्मं सभागृह सतत मांडीवर हात मारत, बोटं मोजत असतं. दोन्हींचं उत्तर एकच आहे. कर्नाटक संगीतात वाग्गेयकाराने (शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याने) बांधलेली कृती, म्हणजे ठरलेली रचना, केंद्रस्थानी असते आणि त्या कृतीचा ताल हातावर चालतो. तबल्याच्या ठेक्यासारखा तो बाहेरून ऐकू येत नाही. म्हणून नवख्याने रागांच्या याद्या पाठ करण्याआधी दोन गोष्टी शिकाव्यात: आदि ताल हाताने धरणं, आणि गायक कृतीच्या कुठल्या ओळीवर आहे हे ओळखणं. एवढं जमलं की अडीच तास भरभर जातात.

कुठे जायचं, केव्हा जायचं

खरी जागा चेन्नई, आणि खरा काळ मार्गळी महिना. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शहरातल्या डझनावारी सभा (म्हणजे संगीतसंस्था) रोज सकाळपासून रात्रीपर्यंत कच्चेरी भरवतात. सर्वांत प्रतिष्ठेचं व्यासपीठ म्युझिक अकादमीचं. १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाबरोबर भरलेल्या संगीत परिषदेतून १९२८ मध्ये ही संस्था उभी राहिली. तिचा महोत्सव साधारण १५ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि १ जानेवारीला ‘संगीत कलानिधी’ हा पुरस्कार प्रदान करून संपतो. ट्रिप्लिकेनची श्री पार्थसारथी स्वामी सभा १९०० सालची, म्हणजे त्याहून जुनी. आळवारपेटची नारद गान सभा, टी. नगरमधली कृष्ण गान सभा आणि वाणी महल, मैलापूर फाइन आर्ट्स क्लब ही नावंही वहीत लिहून ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने २० ते ३० डिसेंबरमधले तीन-चार दिवस निवडावेत. त्या काळात बहुतेक मोठे गायक कुठे ना कुठे गात असतात आणि एकाच गायकाला दोन वेगळ्या सभांत ऐकता येतं. मुक्काम मैलापूर, आळवारपेट किंवा टी. नगरमध्ये ठेवा. सभांमधली अंतरं फार तर चार-पाच किलोमीटर असतात, पण संध्याकाळच्या रहदारीत रिक्षाला तेवढ्यासाठी पाऊण तास लागू शकतो. चारची कच्चेरी एका सभेत आणि साडेसहाची दुसऱ्या सभेत असा बेत केलात, तर पहिल्या कच्चेरीचा शेवट नक्की हुकणार. दुपार आणि संध्याकाळ एकाच सभेत काढणं शहाणपणाचं.

तिकिटांची गंमत कळली तर खिसा हलका होत नाही. सकाळच्या आणि दुपारच्या सत्रांत तरुण कलाकार गातात आणि अनेक सभांत त्यांना प्रवेश मोफत असतो. श्रोते मोजके, जागा पुढची, आणि गायक जीव ओतून गातो, कारण याच सत्रातून संध्याकाळच्या सत्रात बढती मिळते. पहिली कच्चेरी अशीच ऐका. संध्याकाळच्या मोठ्या नावांची तिकिटं मात्र वेळापत्रक जाहीर होताच घ्यावी लागतात. पुढच्या रांगा बहुधा सभासद आणि देणगीदारांच्या असतात. त्यांचा हेवा करू नका, कारण पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे तिथे आवाज चांगला लागतोच असं नाही. अकादमीत सकाळी होणारी सप्रयोग व्याख्यानंही सोडू नयेत. एखाद्या रागावर किंवा वाग्गेयकारावर तासभर जाणकार बोलतो आणि गाऊन दाखवतो. बहुतेक भाषणं इंग्रजीत असल्याने तमिळ न येणाऱ्याचं काही अडत नाही.

चेन्नईला जाणं जमत नसेल तर मुंबईत शीव-माटुंग्याचं षण्मुखानंद सभागृह आहे. ते चालवणारी सभा १९५२ ची. हार्बर मार्गावरच्या किंग्ज सर्कल स्थानकावरून चालत जाता येतं. चेंबूरला फाइन आर्ट्स सोसायटी आहे. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी मंडळींना रामनवमीच्या सुमाराचा चामराजपेटेतला, फोर्ट हायस्कूलच्या आवारातला उत्सव घराजवळ मिळतो. मांडवाखाली, खुर्च्यांवर, महिनाभर रोज गाणं.

आधीचे दोन आठवडे: कानाची तयारी

तुमच्या कानात हिंदुस्थानी राग आधीच आहेत, तेच भांडवल वापरा. मोहनम् ऐकलात की भूप ओळखाल. हिंदोळम् म्हणजे आपला मालकंस. कल्याणीत यमन सापडेल, मायामाळवगौळात भैरव, शुद्ध सावेरीत दुर्गा, आभेरीत भीमपलासाची छाया. हंसध्वनी, कीरवाणी, चारुकेशी, आभोगी हे राग तर दक्षिणेकडूनच आपल्याकडे आले. हंसध्वनी हिंदुस्थानीत रुजवण्याचं श्रेय भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांना दिलं जातं.

आता सापळे. कर्नाटक तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत. आपल्या तोडीचे स्वर तिथे शुभपंतुवराळीत मिळतात. कर्नाटक भैरवीत रिषभ शुद्ध आणि धैवत दोन्ही, त्यामुळे मैफलीच्या शेवटी ऐकू येणाऱ्या भैरवीची वाट पाहत बसलात तर फसाल. आपला हिंडोल म्हणजे त्यांचा हिंदोळम् नव्हे. कर्नाटक श्रीरागम् आणि आपला श्री यांत तर नावापलीकडे काही समान नाही. याद्या वाचणाऱ्याला हे लगेच कळतं, पण सभागृहात शेजारच्याने ‘तोडी’ असं कुजबुजल्यावर नवखा हमखास कोमल रिषभ-गंधारासोबत तीव्र मध्यम शोधत बसतो.

स्वर तेच असले तरी चाल वेगळी वाटेल, कारण गमक. आपल्याकडे गंधारावर ठेहराव घेतात. तिथे तोच गंधार शेजारच्या स्वरांमधून हेलकावे घेत येतो, आणि तो हेलकावाच रागाची ओळख असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे अस्थिर वाटतं. त्यावर उपाय एकच: एका रागाची एकच कृती तीन वेगवेगळ्या गायकांकडून ऐका. हंसध्वनीतली मुत्तुस्वामी दीक्षितरांची ‘वातापि गणपतिं’ यासाठी उत्तम. संस्कृत आहे, आदि तालात आहे, आणि कच्चेरीच्या सुरुवातीला आजही वारंवार गायली जाते. तीन ध्वनिमुद्रणांत जे समान आहे ते रचनेचं, जे बदलतं ते गायकाचं. हा फरक कानाने पकडणं हीच तयारी.

आदि ताल हातावर

आठ मात्रा. उजवा तळवा उजव्या मांडीवर.

१: टाळी, म्हणजे तळवा मांडीवर.
२: करंगळी टेकवा.
३: अनामिका.
४: मधलं बोट.
५: टाळी.
६: तळवा उलटा करून मांडीवर.
७: टाळी.
८: पुन्हा उलटा तळवा.

म्हणजे चार, दोन आणि दोन असे तीन भाग. रोज दहा मिनिटं, घड्याळाच्या सेकंदाच्या ठोक्यावर, एक आठवडा. मग ‘वातापि’ लावून त्यावर. हात आपोआप चालू लागेपर्यंत गाण्याकडे लक्ष देता येत नाही, म्हणून हे घरीच उरकायचं.

इथे हमखास चुकतं ते असं. गाण्याचा पहिला शब्द बऱ्याच कृतींत पहिल्या टाळीवर पडत नाही. टाळी होते, अर्धी मात्रा जाते आणि मग शब्द उठतो. कधी दीड मात्रेनंतर. या उठण्याच्या जागेला ‘एडुप्पु’ म्हणतात. नवखा शब्दावर टाळी टाकतो आणि एका आवर्तनात घसरतो. म्हणून गायकाचा हात बघा, तोंड नव्हे. ताल हरवलाच तर मधूनच पकडायची घाई करू नका. गायकाच्या हातात ‘टाळी-उलटा, टाळी-उलटा’ ही जोडी दिसेपर्यंत थांबा. त्यानंतर येणारी टाळी म्हणजे सम.

मुख्य कृती संथ असेल तर हीच प्रत्येक क्रिया दोनदा होते. करंगळी दोनदा टेकते, अनामिका दोनदा, आणि आवर्तन सोळा ठोक्यांचं होतं. हे दिसलं की समजा, कच्चेरीतला जड भाग आला.

दुसरे तीन ताल ओळखता आले तरी पुरे. रूपकम् व्यवहारात तीन ठोक्यांचा मोजतात: टाळी, टाळी, उलटा. आपल्या सात मात्रांच्या रूपकाशी त्याचा संबंध नाही. आपल्या रूपकासारखी ३-२-२ ची वाटणी हवी असेल तर ती मिश्र चापूत. खंड चापू पाचाचा, म्हणजे झपतालाचा अर्धा भाग.

त्या दिवशी

सभागृहं थंडगार असतात. शाल किंवा पातळ स्वेटर न्या. डिसेंबरात चेन्नईला पाऊस पूर्ण थांबलेला नसतो, तेव्हा छत्रीही. कपड्यांना नियम नाही. कांजीवरम नेसलेल्या बायका भरपूर दिसतील, पण साध्या सुती कपड्यांत कुणी वेगळं पाडत नाही. कच्चेरी देवळात असेल तर चपला बाहेर आणि खांदे-गुडघे झाकलेले.

खाण्याची वेळ मुद्दाम ठरवा. मोठ्या सभांची कँटीनं हा महोत्सवाचा अर्धा आनंद आहे. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण, संध्याकाळी पोंगल, अडै-अवियल, रवा डोसा आणि फिल्टर कॉफी. संध्याकाळच्या कच्चेरीआधी तासभर तिथे पोचा. तनि आवर्तन (तालवाद्यांचं स्वतंत्र वादन) सुरू झालं की अर्धं सभागृह कँटीनकडे निघतं, आणि त्या वेळी उठणारा माणूस कच्चेरीतला सर्वांत कसबी भाग सोडून जातो.

जागा निवडायची मुभा असेल तर मधल्या रांगा, थोडं डावीकडे. कारण सांगतो. गायक मध्यभागी बसतो आणि उजव्या मांडीवर ताल धरतो. प्रेक्षकांच्या डाव्या बाजूने तो हात स्पष्ट दिसतो. मृदंगम् वाजवणाराही बहुधा त्याच बाजूला असतो, म्हणजे त्याचं उजवं, शाईचं तोंड प्रेक्षकांकडे येतं. व्हायोलिन समोर, प्रेक्षकांच्या उजवीकडे. मृदंगमवाला डावखुरा असला की या जागा अदलाबदल होतात. मागे तंबोरा, आणि घटम्, कंजिरा किंवा मोरसिंग यांपैकी एखादं उपपक्कवाद्य, म्हणजे मृदंगमाच्या जोडीचं तालवाद्य. अगदी पुढच्या रांगेत ध्वनिक्षेपकांमुळे मृदंगम् गायकावर चढतो. गॅलरीत आवाज एकजीव येतो आणि तिकीटही स्वस्त.

शांत बसून आधी षड्ज पकडा. पुरुष गायकांचा बहुधा पांढरी एक ते पांढरी दोनच्या आसपास, बायकांचा काळी तीन ते काळी चार. षड्ज मनात बसला नाही तर राग ओळखण्याचा खटाटोप फुकट जातो.

अडीच तास कसे उलगडतात

आजच्या कच्चेरीचा आराखडा अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांच्या नावावर आहे. छोट्या, चैतन्यपूर्ण रचनांनी सुरुवात, मध्ये जड मुख्य भाग, शेवटी हलक्या रचना. साडेसहाला सुरू झालेली कच्चेरी ढोबळमानाने अशी जाते.

पहिली पाच ते दहा मिनिटं वर्णम्. ही पूर्णपणे बांधलेली रचना, बहुधा दोन लयींत. गायकाचा आवाज आणि तुमचा हात दोन्ही तापायला उत्तम. उशीर झाला तर हेच हुकतं, आणि मग पुढची वीस मिनिटं हात जुळत नाही.

मग एक-दोन कृती, बहुधा पहिली गणपतीची. कृतीचे तीन भाग: पल्लवी, अनुपल्लवी, चरणम्. अनुपल्लवीत सूर वरच्या षड्जाकडे झेपावतो, ही सर्वांत सोपी खूण. प्रत्येक भागानंतर गायक पल्लवीच्या पहिल्या ओळीवर परततो. एकच ओळ सहा-सात वेळा, दर वेळी थोडी वाढवून गायली जाते. हे गायकाला जागच्या जागी सुचलेलं वाटतं, पण तसं नसतं. या संगती, ठरलेल्या, गुरूकडून आलेल्या. उत्स्फूर्त विस्तार पुढे येतो.

शब्द कळत नाहीत म्हणून हिरमुसू नका. त्यागराज (१७६७–१८४७) बहुतांशी तेलुगूत लिहितात, दीक्षितर (१७७५–१८३५) संस्कृतात, श्यामा शास्त्री (१७६२–१८२७) बहुधा तेलुगूत. चरणाच्या अखेरीस मुद्रा, म्हणजे वाग्गेयकाराने शब्दांत गुंफलेली सही, ऐका. ‘त्यागराज’ आलं तर त्यागराज, ‘गुरुगुह’ आलं तर दीक्षितर, ‘श्यामकृष्ण’ आलं तर श्यामा शास्त्री. ‘पुरंदर विठ्ठल’ ऐकू आलं तर ती पुरंदरदासांची कन्नड रचना. दीक्षितर तर अनेकदा रागाचं नावच शब्दांत गुंफतात. संस्कृत थोडं कळणाऱ्या मराठी श्रोत्याला ही खूण फार उपयोगी पडते. त्यांच्या कृतीच्या शेवटी शब्द अचानक दुप्पट वेगाने धावतात, तेही त्यांचंच लक्षण.

सव्वासातच्या सुमारास पहिला विस्तृत राग. आलापनेत ताल नाही, मृदंगम् गप्प. आपल्या आलापाशी नातं लगेच जाणवेल, पण व्हायोलिनकडे लक्ष ठेवा. गायकाचं वाक्य संपता संपता ते सावलीसारखं मागून येतं, आणि गायकाचं झाल्यावर त्याला स्वतंत्र वेळ मिळतो. हा वेळ खाली मान घालून कार्यक्रमपत्रिका वाचण्यासाठी नाही. चांगला व्हायोलिनवादक त्या पाच मिनिटांत गायकाने न उघडलेलं दार उघडतो.

आठच्या आसपास मुख्य कृती. शंकराभरणम्, कांभोजी, कल्याणी, तोडी, भैरवी, खरहरप्रिया अशा मोठ्या रागांपैकी एक. गायकाची दहा-पंधरा मिनिटांची आलापना, व्हायोलिनची पाच-आठ मिनिटं, मग कृती, आणि मग इथली खरी कमाल: निरवल आणि कल्पनास्वर.

निरवलात गायक चरणातली एक ओळ निवडतो आणि त्याच शब्दांची त्याच तालात, दर आवर्तनात नवी मांडणी करतो. त्यागराजांच्या कांभोजीतल्या ‘ओ रंगशायी’त ‘भूलोक वैकुंठमिदियनि’ ही ओळ यासाठी ठरलेलीच. श्रीरंगम् हे भूलोकीचं वैकुंठ, हा अर्थ मनात ठेवून ऐकलं तर दहा मिनिटं तीच ओळ कंटाळवाणी होत नाही. एक आवर्तन गायक, एक व्हायोलिन. शब्दांची जागा बदलत नाही. ‘वैकुंठ’ ज्या मात्रेवर पहिल्यांदा आलं तिथेच येतं. फक्त त्याच्याभोवतीचे स्वर बदलतात. बोल-आलापाची सवय असलेल्या कानाला ही शिस्त सुरुवातीला आखडल्यासारखी वाटते. हात चालू असेल तरच तिचा थरार कळतो.

कल्पनास्वरात सरगम. ‘रे’ऐवजी ‘रि’ ऐकू येईल. आधी संथ, मग दुप्पट लयीत. लहान लहान तुकडे, प्रत्येक तुकडा त्याच ओळीच्या एडुप्पुवर परत येतो. सभागृह इथे एकदम सावध होतं, कारण गायकाला ते जमेल की नाही याची प्रत्येकाला हुरहुर असते. शेवटी गायक तीनदा फिरवून एक आकृती रचतो आणि ओळीवर उतरतो. ही कोरवै. आपल्या तिहाईची बहीणच, पण बरीच लांब आणि गणिती.

तनि आवर्तनम्: उठू नका

कोरवै झाली की गायक ओळ सोडून देतो आणि हाताने फक्त ताल धरतो. पुढची दहा ते वीस मिनिटं मृदंगम् आणि उपपक्कवाद्याची. आधी मृदंगम् मोठी फेरी वाजवतो, मग घटम् किंवा कंजिरा. मग फेऱ्या आखूड होत जातात: चार आवर्तनं, दोन, एक, अर्धं. शेवटी दोघे एकत्र येतात, ‘मोरा’ नावाची ठरलेली घडण वाजते आणि तिच्यापाठोपाठ कोरवै तीनदा. तिसरी संपते त्याच क्षणी गायक ओळ उचलतो, अगदी एडुप्पुवर.

कसं ऐकायचं? बोलांचा अर्थ शोधू नका. फक्त आदि तालाचा हात चालू ठेवा आणि वादक तुमच्या टाळीला कधी टाळतो, कधी भेटतो ते पाहा. मध्येच पाचाची किंवा सातची नडै येईल, म्हणजे प्रत्येक मात्रेत चारऐवजी पाच किंवा सात बोल. हात डळमळेल. डळमळू द्या, गायकाचा हात बघत राहा, कारण तो डळमळत नाही. कोरवै पहिल्या वेळी नीट ऐकली तर दुसऱ्या वेळी तिची लांबी कळते, आणि तिसऱ्या वेळी ती कुठे संपणार हे तुम्ही आधीच सांगू शकता. ज्या दिवशी हा अंदाज पहिल्यांदा बरोबर ठरतो, त्या दिवसानंतर तनिच्या वेळी कुणी उठत नाही.

काही संध्याकाळच्या कच्चेरींत मुख्य कृतीऐवजी किंवा तिच्यानंतर रागम्-तानम्-पल्लवी असते. तानम् म्हणजे ‘आ-नं-तम्’ सारख्या अक्षरांवरची लयबद्ध पण तालाशिवायची बढत. पल्लवी फक्त एका ओळीची. ताल तसाच ठेवून ती ओळ संथ, मध्य आणि द्रुत लयीत, मग तिप्पट हिशेबात गायली जाते. शेवटी स्वर रागमालिकेत. पहिल्या कच्चेरीत ही ओळ पकडता आली नाही तर हरकत नाही, तालावर लक्ष ठेवून बसा.

तुक्कडे, आणि आपले अभंग

शेवटची वीस मिनिटं हलक्या रचनांची: पदम्, जावळी, भजन, विरुत्तम्, तिल्लाना. आणि बऱ्याचदा अभंग. अरुणा साईराम, रंजनी-गायत्री या मुंबईशी नातं असलेल्या गायिकांच्या कच्चेरीत चेन्नईचे श्रोते नामदेव-तुकारामांच्या अभंगांची वाट पाहत थांबलेले असतात. हे नातं नवं नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांपासून तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. त्यागराज ज्या तिरुवैयारूला राहिले ते गाव तंजावरपासून जवळ, आणि त्यांच्या हयातीतला मोठा काळ सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) गादीवर होते. मराठी कीर्तनातली साकी, दिंडी, ओवी तिथल्या हरिकथेत मुरली आणि अभंग भजनसंप्रदायात. म्हणून तमिळ वळणाचा उच्चार ऐकून मान फिरवू नका. ही तिथेही पिढ्यान्‌पिढ्या गायली गेलेली वाणी आहे. ठेक्यावर टाळ्या वाजवण्याची मुभा सभागृहात फक्त इथेच असते.

शेवट मंगलम्. बहुधा त्यागराजांचं सौराष्ट्रम् रागातलं ‘नी नामरूपमुलकु’. दोन मिनिटांचंच असतं. त्या वेळी पिशव्या आवरून दाराकडे निघण्याचा मोह टाळा.

दाद आणि वागणं

रचना संपल्यावर टाळ्या, आलापना संपल्यावर गायकाला, व्हायोलिनला वेगळ्या, आणि तनिच्या शेवटी. निरवलात आणि स्वरांत मध्येच टाळ्या नकोत. हळू आवाजात ‘भळे’, ‘शभाष’, ‘आहा’ चालतं. ‘क्या बात है’ म्हटलंत तरी कुणी रागावणार नाही, पण मोठ्याने नको. ताल मांडीवर, आवाज न करता. पुढच्या रांगेत बसून चुकीचा ताल जोरात देणारा श्रोता गायकाला खरोखर त्रास देतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर दोन वेगळे हात चालू असतात.

यायचं-जायचं दोन रचनांच्या मधे. आलापनेत कधीच नाही. बहुतेक सभांत ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरणाला बंदी असते. मोबाइल नुसता मूक करू नका, बंद करा. अंधारात राग शोधण्यासाठी उजळलेला पडदा चार रांगांना टोचतो. छोटी वही आणि पेन्सिल आणा. गायक बहुधा राग जाहीर करत नाही, म्हणून पहिला शब्द, मुद्रा, ताल आणि जवळचा वाटलेला हिंदुस्थानी राग लिहून ठेवा. कच्चेरी संपल्यावर शेजारच्या मामांना किंवा मामींना विचारलंत तर राग, वाग्गेयकार आणि कुणाचं गाणं अधिक चांगलं, हे तिन्ही ऐकायला मिळेल.

फर्माइशीची चिठ्ठी पाठवायची असेल तर तुक्कड्यांच्या वेळी, छोट्या रचनेची. मुख्य कृती मागू नये.

घरी परतल्यावर वहीतला मुख्य राग घ्या आणि त्याच रात्री त्याची एक जुनी ध्वनिमुद्रित आलापना ऐका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गायकाची दुपारची कच्चेरी निवडा. जमलं तर पौष वद्य पंचमीला तिरुवैयारू गाठा. कावेरीकाठी त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक खाली बसून नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या पंचरत्न कृती एकत्र गातात. प्रवेश मोफत. सकाळी लवकर पोचा, नाहीतर गाणाऱ्यांच्या जवळ बसायला जागा मिळत नाही. आणि पाचही कृती आदि तालातच आहेत, तेव्हा हात तयार असेल तर तुम्हीही सोबत ताल देऊ शकता.